पाहुण्याचे पान आणि परक्याचे पान : मराठी प्रवासलेखनातील अन्न व आचार

मराठी प्रवासवर्णनांची समीक्षा करताना स्थळवर्णन, निसर्गचित्रण, लेखकाचे व्यक्तिमत्त्व, विनोद आणि भाषाशैली या अंगांचा विचार आवर्जून केला जातो. परमुलखातील खाण्यापिण्याचे आणि रीतिरिवाजांचे उल्लेख मात्र बहुधा ‘रंजक तपशील’ या सदरात जमा होतात. त्यांच्यावर एखादा परिच्छेद खर्ची पडतो, तोही लेखकाच्या विनोदबुद्धीचा दाखला म्हणून. वस्तुतः प्रवासी परक्या समाजाच्या अगदी निकट येतो तो जेवणाच्या वेळी. इमारत बाहेरून पाहता येते, डोंगर दुरून पाहता येतो. अन्न तोंडात घालावे लागते. आणि भारतीय समाजात तर ते कोणी शिजवले, कोणी वाढले आणि कोणाच्या शेजारी बसून खाल्ले हे प्रश्न चवीच्या आधी उभे राहतात.

मराठीत ‘पान’ हा शब्द या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. पान मांडणे, पान वाढणे, पानावरून उठवणे या प्रयोगांत पान म्हणजे अन्नही आहे आणि बसण्याची जागाही. जेवणाऱ्याला काय मिळाले आणि त्याला कोठे बसवले, या दोन गोष्टी भाषेनेच एकत्र बांधल्या आहेत. प्रवासलेखन वाचताना म्हणूनच लेखकाने काय खाल्ले याआधी त्याचे पान कोठे मांडले होते हे पाहावे लागते. त्यालाच जोडून दुसरा प्रश्न येतो : समोर आलेले अन्न ‘नको’ म्हणण्याची मुभा त्याला कितपत होती? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांच्या आधारे काही मराठी ग्रंथांचा विचार केला आहे. त्यांतील बहुतेकांचा संबंध या ना त्या प्रकारे रत्नागिरी जिल्ह्याशी येतो. प्रवासवर्णन म्हणून ज्यांची नोंद सहसा होत नाही अशी पुस्तकेही येथे हेतुतः घेतली आहेत.

आरंभ विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’पासून करणे उचित ठरेल. पेणजवळच्या वरसई गावचा हा भिक्षुक कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या घरासाठी द्रव्य मिळवायला १८५७ साली काकांसह उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या धुमाळीत सापडला. चिंतामण विनायक वैद्य यांनी हे लेखन १९०७ मध्ये प्रकाशित केले; मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली आली. वैद्यांनी भाषा आपल्या काळाच्या वळणाने सुधारून घेतली असल्यामुळे आचारविचारांच्या अभ्यासकाने पोतदारांची प्रतच हाताशी ठेवावी.

या ग्रंथाचा विचार इतिहासाचे साधन म्हणून पुष्कळ झाला आहे. प्रवासवर्णन म्हणून पाहता त्यातील एक गोष्ट चटकन नजरेत भरते. गोडसे भटजी शेकडो कोस चालतात, पण त्यांचा मार्ग बव्हंशी एका मराठी वस्तीपासून दुसऱ्या मराठी वस्तीपर्यंत जातो. ग्वाल्हेर, झाशी, काशी या ठिकाणी दक्षिणी ब्राह्मणांची घरे आहेत, मराठी दरबार आहेत, दानधर्म आहे. पेशवाई बुडून चाळीस वर्षे होऊन गेली असली तरी तिने उत्तरेत मांडलेल्या चुली अजून पेटत्या आहेत. झाशीच्या वाड्यातील चैत्रातल्या हळदीकुंकवाची हकीकत वाचताना आपण बुंदेलखंडात आहोत हे क्षणभर विसरायला होते. या चुलींच्या दरम्यानची वाट परकी. उत्तर हिंदुस्थानात पाण्यात शिजवलेले ते ‘कच्चे’ आणि तुपात तळलेले ते ‘पक्के’ असा अन्नाचा भेद मानला जाई. पक्के अन्न अधिक लोकांच्या हातचे चाले. कोकणातल्या भाताच्या माणसाला हा भेद अडचणीचाच, कारण भात कायम ‘कच्चा’. अशा वाटेवर वैदिक ब्राह्मणाने आपला आचार सांभाळायचा तर स्नान करून स्वतः शिजवणे हाच मार्ग उरतो. थोडक्यात, हा प्रवासी स्वतःची चूल स्वतःबरोबर नेतो. परक्या अन्नाला त्याचा नकार आहे आणि तो नकार त्याला उच्चारावाही लागत नाही, कारण त्याच्या जातीने तो आधीच उच्चारून ठेवला आहे. यजमानालाही त्यात अपमान वाटत नाही.

म्हणूनच झाशीच्या पाडावानंतरचा भाग निराळा वाचावा लागतो. नगर लुटले जाते, कत्तल होते, जीव वाचवण्यासाठी लपून बसावे लागते. अशा वेळी माणूस आणि त्याचा आचार यांच्यामधली फट दिसू लागते. गोडसे भटजी त्या फटीचे तत्त्वज्ञान सांगत नाहीत, घडले ते नोंदवतात. मराठी प्रवासलेखनाच्या या आरंभीच्या मोठ्या ग्रंथात परक्या अन्नाविषयीचे कुतूहल जवळजवळ नाही, ही त्याची उणीव मानण्याचे कारण नाही. कुतूहल ही चैन आहे. ती परवडण्यासाठी प्रवाशाच्या परतीचे तिकीट आधी काढलेले असावे लागते.

ती चैन मराठीत पूर्ण बहराला आली ती शंभर वर्षांनी. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० साली आणि ‘पूर्वरंग’ १९६३ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९७४ मध्ये ‘जावे त्यांच्या देशा’ आले. या पुस्तकांनी मराठी मध्यमवर्गाला परदेश दाखवला असे म्हटले जाते, आणि ते खरेच आहे. पण दाखवण्याची त्यांची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. समोर आलेली अनोळखी गोष्ट पु. ल. ताबडतोब घरच्या एखाद्या गोष्टीशेजारी नेऊन बसवतात. लंडनच्या शेजारी गिरगाव येते, तिथल्या शिष्टाचाराशेजारी इथले अघळपघळ अगत्य येते. या शेजारातून विनोद निर्माण होतो आणि परकेपणाची धार बोथट होते. नको असलेले अन्न समोर आले तर नकाराऐवजी कोटी येते. कोटी हा सभ्य नकार होय. तो यजमानाला दुखावत नाही आणि वाचकाला आपल्या बाजूने उभे करतो.

येथे पु. लं.ना कमी लेखण्याचा हेतू नाही. स्वतःच्या बुजण्याला, स्वतःच्या मध्यमवर्गीय संकोचाला हसण्याची त्यांची तयारी त्यांच्या अनेक अनुकरणकर्त्यांत उतरली नाही. शिवाय पौर्वात्य देशांच्या दर्शनात त्यांचा सूर पुष्कळच नम्र होतो. तथापि त्यांचे पान कायम मेजावर मांडलेले आहे. ते पाहुणे आहेत. पाहुण्याला पदार्थ दिसतो, त्याच्या मागचे काम दिसत नाही. या संदर्भात सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) शेजारी ठेवून वाचणे उद्बोधक ठरते. सुनीताबाई रत्नागिरीच्या ठाकुरांच्या घरातल्या; त्यांचे लग्नही १९४६ साली रत्नागिरीतच झाले. ‘अपूर्वाई’तील प्रवासात त्या पु. लं.च्या बरोबर होत्या. सहजीवनातील व्यवहाराचा आणि घरकामाचा भार कोणी वाहिला याचा त्यांनी मांडलेला हिशेब सर्वपरिचित आहे. एकाच घरातून निघालेली ही दोन पुस्तके. पहिल्यात मैफल आहे. दुसरे वाचल्यावर त्या मैफलीतल्या बशा कोणी विसळल्या असतील असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पु. लं.नी रत्नागिरीलाही प्रवाशाच्या नजरेने पाहिले आहे. ‘व्यक्ति आणि वल्ली’ (१९६२) मधील ‘अंतू बर्वा’ हे व्यक्तिचित्र म्हणून गाजले, पण त्याची घडण प्रवासलेखाची आहे. बाहेरून आलेला एक पाहुणा मधल्या आळीत बसतो आणि तिथल्या बोलण्याच्या रीतीला सामोरा जातो. येथे अनोळखी आचार पानात वाढलेला नाही, वाक्यात आहे. कौतुक झाकून ठेवणारे, माया तिरकसपणाच्या आवरणात देणारे हे बोलणे नवख्याला टोचते. पु. लं.चे यश असे की ते या बोलण्याला हसत हसत त्यातल्या दारिद्र्यापर्यंत आणि एकटेपणापर्यंत पोहोचतात. मात्र या व्यक्तिचित्राची एक आनुषंगिक फलश्रुतीही झाली. रत्नागिरीला येणारा सुशिक्षित मराठी पर्यटक आज हे शहर आधीच वाचून आलेला असतो. भेटेल त्या म्हाताऱ्यात तो अंतूशेठ शोधतो आणि सापडला नाही तर खट्टू होतो.

या वाचून आलेल्या पर्यटकाविषयी थोडे विषयांतर करावे लागेल. १९९८ मध्ये कोकण रेल्वेची वाहतूक पूर्ण मार्गावर सुरू झाली. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेमुळे घराघरांतून पाहुणे उतरू लागले. गणपतीपुळ्याच्या वाटेवर ‘घरगुती जेवण मिळेल’ अशा पाट्या लागल्या. त्याबरोबर मराठी नियतकालिकांतून खाद्यभ्रमंतीचे एक नवेच लेखन सुरू झाले. या लेखनात दोन गोष्टी वारंवार आढळतात. एक म्हणजे ‘कोकणी जेवण’ नावाच्या एकाच पदार्थसूचीवरचा विश्वास : सोलकढी, सुरमई, आंबोळी, उकडीचे मोदक. दुसरी म्हणजे यजमानाच्या तुटकपणाची तक्रार.

पहिल्या गोष्टीविषयी एवढेच म्हणता येईल की रत्नागिरीत एकाच रस्त्यावरच्या चार घरांत चार प्रकारचा स्वयंपाक असतो. चित्पावनांच्या घरातला कुळथाच्या पिठल्याचा आणि फणसाच्या भाजीचा स्वयंपाक, खारवी आणि भंडारी घरातले तिरफळ घातलेले बांगड्याचे कालवण, कुणब्याची नाचणीची भाकरी आणि कोकणी मुसलमानांचे तांदळाचे व मांसाचे प्रकार यांना एका थाळीत बसवणे ही खानावळीची सोय आहे. रत्नागिरीच्या उपाहारगृहांवर ‘मालवणी’ अशी पाटी दिसते, तीही अशीच सोय. मालवण १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते हे खरे. पण त्या पाटीचा इतिहासाशी काही संबंध नाही, ती मुंबईच्या गिऱ्हाइकाने लावायला लावलेली आहे.

तक्रारीचे प्रकरण अधिक विचार करण्यासारखे आहे. घरगुती खानावळीत ‘किती पाने?’ असे आधी विचारतात, सकाळी सांगितले नसेल तर मोदक मिळणार नाहीत असे सरळ सांगतात आणि जुलैमध्ये ताजी सुरमई मागितली तर सुक्या मासळीकडे बोट दाखवतात. घाटावरून आलेल्या पाहुण्याला हे अगत्याचे न्यून वाटते. परंतु मोजून तांदूळ धुणे, उकड काढून मोदक हाताने वळणे ही कामे एखाद-दुसऱ्या बाईच्या बळावर चालतात आणि १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला राज्यात बंदी असते. म्हणजे पाहुण्याला जो स्वभाव वाटतो तो कामाचा आणि ऋतूचा हिशेब आहे. खाद्यभ्रमंतीच्या लेखनाला हा हिशेब दिसत नाही, कारण त्याचा लेखक माजघराच्या पलीकडे जात नाही. जेवणाच्या शेवटी स्वयंपाक करणाऱ्या बाईंना बाहेर बोलावून त्यांचे छायाचित्र काढले जाते, एवढीच त्यांची हजेरी.

स्वयंपाकघरात उभे राहून परका मुलूख पाहिलेली एक प्रवासी रत्नागिरी जिल्ह्यानेच दिली आहे. पार्वतीबाई आठवले (१८७०–१९५५) यांचा जन्म देवरुखचा. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी बाया यांच्या त्या धाकट्या बहीण. तरुणपणीच वैधव्य आले. पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत त्या गावोगाव फिरल्या. इंग्रजी शिकावे आणि तिकडच्या स्त्रियांच्या संस्था पाहाव्यात म्हणून १९१८ साली, वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, त्या अमेरिकेला गेल्या आणि १९२० मध्ये परतल्या. या काळात तेथील कुटुंबांतून घरकाम करून त्यांनी आपला निर्वाह केला. त्यांची ‘माझी कहाणी’ १९२८ साली प्रसिद्ध झाली आणि दोनच वर्षांनी जस्टिन अॅबट यांनी तिचे इंग्रजी भाषांतर केले.

हे पुस्तक स्त्रियांच्या आत्मचरित्रांच्या यादीत असते. प्रवासवर्णनांच्या यादीत ते अपवादानेच सापडते. वस्तुतः अमेरिकन घराचे अंतरंग इतक्या जवळून पाहिलेले त्या काळातले मराठी लेखन विरळा. अमेरिकेत गेलेले अन्य मराठी लोक विद्यार्थी होते, व्याख्याते होते, पाहुणे होते. त्यांना दिवाणखाना आणि जेवणाचे टेबल दिसले. पार्वतीबाईंना ओटा, शेगडी, धुण्याची भांडी आणि कामाचे तास दिसले. मांस शिजणाऱ्या घरात काम करायचे आणि स्वतः शाकाहारी राहायचे, असा त्यांचा पेच होता. गोडसे भटजींच्या नकारामागे जात उभी होती, पु. लं.च्या नकारामागे विनोद. पार्वतीबाईंचा नकार चाकरीत असलेल्या बाईचा आहे. ती नको म्हणते तेव्हा तिला काम सुटण्याची तयारी ठेवावी लागते. त्यामुळे ज्या शाकाहाराचा अर्थ देवरुखात केवळ जन्माने ठरलेला होता, तो अमेरिकेत रोज नव्याने घेतलेला निर्णय बनतो. रूढी आणि व्रत यांच्यातला फरक सांगणारे याहून बोलके उदाहरण मराठीत सहजी मिळणार नाही.

यापेक्षाही महत्त्वाची बाब अशी की पार्वतीबाईंना पंक्तीबाहेर असणे परदेशात नव्याने शिकावे लागले नाही. सनातनी घरातली विधवा सोवळ्याने साऱ्या घराचे रांधते, पण मंगलकार्याच्या पंगतीत तिचे पान नसते. तिचे खाणे एकभुक्त, सर्वांचे उरकल्यावर. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात राबून नंतर आपले खाणे, हा क्रम तिच्या अंगवळणी पडलेला होता. फरक एवढाच की अमेरिकेत त्या कामाला मजुरी होती. हे साम्य आणि हा फरक पाहण्याची सोय पाहुणा म्हणून गेलेल्या प्रवाशाला नव्हती. अमेरिकेतील आचारांनी त्या फार चकित झाल्या असे पुस्तक वाचताना वाटत नाही, याचे एक कारण हेही असावे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे थोडक्यात घेता येईल. त्यांच्या १८८९ सालच्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात लोकस्थितीचे विवेचन मोठे आहे; ताटाविषयीचा वाद सापडतो तो त्यांच्या पत्रव्यवहारात. इंग्लंडमध्ये वॉन्टेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहत असताना रमाबाईंनी धर्म बदलला, आहार बदलला नाही. त्यांच्या खाण्यातल्या निवडीत सिस्टर जेराल्डीन यांना जातीचा अभिमान शिल्लक दिसला. रमाबाई मात्र तो आपल्या स्वातंत्र्याचा प्रश्न मानत होत्या. यजमानाला पाहुणीचा नकार कसा दिसतो याची नोंद प्रवासलेखनात क्वचित मिळते. ती येथे मिळते आणि सुखावह नाही.

परके अन्न आणि परका आचार यांच्यासाठी समुद्र ओलांडावा लागतो असेही नाही. १८९३ मध्ये कर्व्यांनी बायांशी पुनर्विवाह केला, त्यानंतर मुरुडला गेल्यावर गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ‘आत्मवृत्त’ (१९१५) मध्ये कर्व्यांनी हा प्रसंग संयमाने सांगितला आहे. बायांच्या ‘माझे पुराण’ची (१९४४) भाषा अधिक रोखठोक आहे. ज्या गावात माणूस लहानाचा मोठा झाला तेथेच त्याचे पान उचलले जाते आणि तो एका दिवसात परदेशस्थ होतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तही (१९३४ पासून) असाच स्थिर जागेवरचा प्रवास आहे. दापोलीकडच्या करजगावी जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहायला आल्या तेव्हा त्यांनी आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवले. त्यांच्या माहेरी वडिलांचे सोवळे असे की बाजारातून आलेले मीठसुद्धा धुतले जाई. अशा घरात वाढलेली स्त्री नवऱ्याच्या उपदेशाने नव्हे, स्वतःशी विचार करून एके दिवशी कोणाच्याही हातचे खायचे ठरवते. वेगळ्या चुलीपासून एका चुलीपर्यंतचे अंतर त्यांनी कापले ते कोणत्याही बोटीच्या प्रवासापेक्षा लांबचे आहे. नकार सोडून देण्याचे इतके प्रांजळ आणि विनोदी वर्णन मराठीत दुसरे नाही.

आतापर्यंतचे सर्व प्रवासी, स्वखुशीने वा नाइलाजाने, नकार देऊ शकत होते. ज्याला नकार मिळतो त्याच्या बाजूने हाच प्रश्न पाहायचा तर उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’कडे (२००३) वळावे लागते. उर्मिला पवार यांचे मूळ गाव रत्नागिरीजवळचे फणसवळे. पुस्तकाचा आरंभ होतो तो आसपासच्या गावांतून रत्नागिरीच्या बाजाराला चालत जाणाऱ्या बायकांपासून. डोक्यावर लाकडाच्या मोळ्या, गवताचे भारे आणि विकायचे किडूकमिडूक घेऊन त्या डोंगर चढतात, उतरतात. बाजार आटोपून पुन्हा तीच वाट. अंतर पाहिले तर काही मैलांचे. पण परक्या नगरात जाणे, तेथील रीत पाळणे, उपाशी चालणे आणि सांजवेळी घर गाठणे ही प्रवासाची सारी लक्षणे या वाटेत आहेत. या प्रकरणाला प्रवासवर्णन म्हणायचे नसेल तर का नाही, याचे उत्तर समीक्षेने द्यायला हवे.

बांबूच्या विणलेल्या वस्तू म्हणजे आयदाने. लेखिकेची आई ती विणते आणि मुलगी ती सवर्णांच्या घरी पोचवते. सूप, टोपली, रोवळी या साऱ्या स्वयंपाकघरातल्या वस्तू. तांदूळ पाखडायचे ते सुपात आणि धुऊन निथळायचे ते रोवळीत. गोडसे भटजींपासून चालत आलेल्या ज्या सोवळ्या भाताचा वर उल्लेख झाला, त्या भाताची भांडीकुंडी या हातांनी घडवलेली. आणि आयदान घरात घेण्याआधी त्यावर पाणी शिंपडले जाते. वस्तू आत जाते, विणणारी पायरीपाशी राहते. खाद्यसंस्कृतीवरच्या शेकडो पानांत न सापडणारी गोष्ट या एका प्रसंगात सापडते : ज्या स्वयंपाकघरात आपण पाहुणे म्हणून कौतुकाने डोकावतो, ते कोणाला बाहेर ठेवून उभे राहिले आहे.

शाळेतल्या मैत्रिणींच्या एकत्रित जेवणाचा प्रसंगही असाच. त्या जेवणात तिचा शिधा नको असतो, तिचा हात लागलेला नको असतो; पान तेवढे मांडले जाते आणि नंतर तिच्या खाण्याचीच चर्चा होते. वरवर पाहता तिला बोलावलेले आहे, ती पाहुणीच आहे. पण पाहुण्याला ज्या ‘नको’चा हक्क असतो तो तिच्याकडे नाही आणि ‘हवे’ म्हटल्याची किंमत तिला मोजावी लागते. पु. लं.च्या लेखनात खाण्याची हौस हा वाचकाशी मैत्री करण्याचा मार्ग आहे. ‘माझे खाद्यजीवन’ लिहिताना आपल्या भुकेची जाहीर कबुली देण्यात त्यांना आनंद आहे. उर्मिला पवारांच्या मुलीला तीच भूक लपवायला शिकावे लागते. भूक मोकळेपणाने सांगता येणे हाही एक सामाजिक दर्जा आहे, हे ही दोन पुस्तके एकाआड एक वाचल्याशिवाय ध्यानात येत नाही.

विद्यापीठीय अभ्यासक्रमांत प्रवासवर्णन, स्त्रियांची आत्मचरित्रे आणि दलित आत्मकथने ही प्रकरणे स्वतंत्र ठेवली जातात. अध्यापनाच्या सोयीसाठी ते समजण्यासारखे आहे. परंतु या सोयीमुळे ‘अपूर्वाई’ शिकलेला विद्यार्थी अनोळखी अन्न व आचार यांचा विषय मनोरंजनाचा समजून पुढे जातो आणि ‘आयदान’ शिकताना तो विषय त्याला अन्यायाचा म्हणून नव्याने भेटतो. दोन्ही ठिकाणी माणूस परक्या दारात उभा आहे, हे त्याला कोणी दाखवत नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) हेही पालावरच्या, सतत वाटेवर असलेल्या माणसांचे पुस्तक आहे. गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडणाऱ्यांचे खाणे आणि त्यांना मिळणारी वागणूक त्यात आहे. प्रवासवर्णनाच्या कोणत्या प्रश्नपत्रिकेत त्याचे नाव येते?

रत्नागिरीच्या महाविद्यालयांतून मराठी शिकणाऱ्या मुलांमुलींना तर ही पुस्तके नकाशावर ठेवून वाचता येतील. मधली आळी शहरात आहे, फणसवळे जवळ आहे आणि देवरुख एस.टी.च्या टप्प्यात आहे. त्यांच्यापैकी काहींच्या घरी सुट्टीत पर्यटक उतरतात. त्या दिवसांत ‘किती पाने?’ हे विचारण्याचे काम त्यांच्याकडे असते आणि तांदूळ निवडण्याचे त्यांच्या आईकडे.